तीस मार्चची तेरा माणसं

मधुकर खानविलकरांसमोर कोणी तारीख उच्चारली की त्यांच्या तोंडून त्या दिवशीची घटना बाहेर पडते. हे त्यांच्या मर्जीवर नसतं. मुंबईच्या एका दैनिकात त्यांनी सत्तावीस वर्षं ‘आजच्या दिवशी’ ही चौकट लिहिली. चौकट पाच ओळींची. नियम त्यांचेच: सगळ्यात मोठा आकडा वरच्या ओळीत, जन्म आणि पुण्यतिथ्या खाली, आणि कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी सापडल्याशिवाय छापायची नाही.

ते निवृत्त झाले तशी चौकट बंद पडली, पण सवय सुटली नाही. सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीत फाटकाशी एक फळा आहे. पाणी कधी येणार आणि लिफ्ट कधी बंद राहणार, एवढंच त्यावर असायचं. त्याचा डावा अर्धा भाग मधुकररावांनी रीतसर अर्ज करून मिळवला आणि रोज सकाळी सहाला खडू घेऊन ते खाली उतरू लागले.

सेक्रेटरी रावसाहेबांनी महिन्याभरात तक्रार केली. “खानविलकर, माणूस दूध आणायला निघतो आणि तुम्ही त्याला बुडालेलं जहाज दाखवता. जगात काही चांगलं घडतच नाही का?”

“घडतं,” मधुकरराव म्हणाले. “पण त्याचा आकडा लहान असतो.”

सव्वीस जानेवारीला मच्छीमारांच्या करावे गावातलं तांडेल कुटुंब त्यांच्या घरी आलं. मधुकररावांची मुलगी गीतांजली आणि अंकुर तांडेल यांचं लग्न ठरलं होतं, फक्त तारीख पक्की करायची होती. अंकुरची कंपनी बंदरातल्या क्रेन बसवते. पंधरा एप्रिलला तो दोन वर्षांसाठी हॉलंडला निघणार होता, आणि लग्नाचा दाखला त्याआधी जमा झाला तरच गीतांजलीला त्याच्याबरोबर जाता येणार होतं. म्हणजे लग्न मार्चमध्येच व्हायला हवं. कोर्टात सह्या करून मोकळं व्हावं, असं एकदा गीतांजली म्हणाली होती. अंकुर म्हणाला, “आजीच्या हाताची हळद लागल्याशिवाय मी उभा राहणार नाय. मला तिनं वाढवलंय. त्यावर बोलू नको.”

आजी म्हणजे गंगू तांडेल. वय पंचाहत्तरच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत, आणि समोर येईल ते मोठ्यानं वाचायची सवय. दुकानाच्या पाट्या, बसचे नंबर, रिक्षाच्या पाठीवरचा मजकूर, सगळं. सोसायटीच्या फाटकातून आत येतानाच त्या थबकल्या आणि वाचू लागल्या. “एकोनीसशे पन्नास, भारत प्रजासत्ताक. दोन हजार एक, भूज भूकंप. लिफ्ट क्रमांक दोन बंद. कोन लिवतंय हे?”

“माझे बाबा,” गीतांजली म्हणाली.

“भूकंप जाला तो सगल्यांना म्हाईत असतो. लिवायचा कशाला?” एवढं बोलून आजी लिफ्ट क्रमांक एककडे वळल्या.

वर मधुकररावांच्या पत्नी चारुलताबाईंनी पोहे केले होते. अंकुरचे वडील कान्हा तांडेल यांनी मोबाइल काढला. भटजींनी तीन तारखा पाठवल्या होत्या. सोफ्याच्या कडेला अंकुरचे आजोबा धर्मा बसले होते. ते कमी ऐकतात आणि त्याहून कमी बोलतात. त्यांनी पोह्यांची बशी मांडीवर घेतली आणि बाकीचं सगळं इतरांवर सोडलं.

“दहा मार्च घेऊ,” कान्हा म्हणाले. “आपल्या गावचा हॉल त्या दिवशी मोकळा हाय. मी शब्द टाकून ठेवलाय.”

“दहा मार्च,” मधुकरराव म्हणाले. “एक हजार नव्याण्णव.”

कान्हांनी आईकडे पाहिलं, मग मधुकररावांकडे. “एक हजार नव्याण्णव? तुमच्याकडून? व्याही, हॉल आठशेचा हाय.”

“आवरी मान्सं!” गंगूआजी म्हणाल्या. “घरान तर तिघंच दिसतान. बाकीची कुठं ठेवलीत?”

“बाबा,” गीतांजली डोळे मिटून म्हणाली, “प्लीज नका.”

पण चुकीचा अर्थ तसाच राहू देणं मधुकररावांना कधी जमलं नाही. “पाहुणे नव्हेत,” ते म्हणाले. “मृत. फ्रान्समध्ये कूर्येर नावाच्या गावाची कोळशाची खाण होती. दहा मार्च एकोणीसशे सहा, सकाळी स्फोट. युरोपातली सगळ्यात मोठी खाण दुर्घटना.”

आजींनी चहाचा कप खाली ठेवला. “माज्या नातवाचे लग्नाचे दिवशी?”

“त्या तारखेला. शंभरावर वर्षं झाली.”

“मान्सं मेली ना? मंग ती तारीख नको. कान्हा, दुसरी सांग.”

“बारा मार्च.”

चारुलताबाईंनी टीपॉयखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला आणि घाईनं म्हणाल्या, “बारा मार्चला गांधीजी दांडी यात्रेला निघाले. चांगला दिवस आहे.” बत्तीस वर्षांच्या संसारात त्याही थोड्या शिकल्या होत्या.

आजी मात्र मधुकररावांकडेच बघत होत्या. “आनि, पेपरवाले?”

“मी पेपरवाला नाही, आजी. उपसंपादक होतो.”

“तेच ते. आनि काय जालं?”

“त्र्याण्णव,” मधुकरराव हळू म्हणाले. पुढे बोलावं लागलं नाही. मुंबईतले बॉम्बस्फोट त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना आठवत होते. कान्हांनी मोबाइलवर बोट सरकवलं.

“चोवीस मार्च. ही शेवटची.”

मधुकररावांचा चेहरा उजळला. “चोवीस मार्चच्या माझ्या ओळीत एकही माणूस दगावला नाही!”

“मंग काय जालं?”

“एकोणीसशे एकोणनव्वद. अलास्काजवळ तेलाचं जहाज खडकावर आदळलं. तेल समुद्रात पसरलं, बस.”

“आनि मासली?”

मधुकररावांनी चारुलताबाईंकडे पाहिलं. “मासळी... मेली. पक्षीही.”

तांडेलांच्या बाजूच्या सगळ्या माना एकाच वेळी नकारार्थी हलल्या. त्यात अंकुरचीही होती. “मासली मेली त्या दिवशी लगीन लावलं,” कान्हा म्हणाले, “तर करावेत कोणी जेवायला बसणार नाय.”

भटजींच्या तारखा संपल्या होत्या. आजी पदर सावरत उठल्या. रागात नव्हत्या, ठाम होत्या. “पेपरवाले, तुमचे जिभेवर येवढ्या तारखा हायेत. एक आना, जिचे दिवशी कोनी मेला नाय. ना मानूस, ना मासली. मी हलद वाटून ठेवतंय.”

दारात चपला घालताना त्या पुन्हा वळल्या. “ती खानीतली मान्सं. सगलीच गेली?”

“एक हजार नव्याण्णव.”

“ते कललं. वर कोनी आलं का नाय?”

कूर्येरची ओळ मधुकररावांनी सत्तावीस वर्षं दर दहा मार्चला लिहिली होती. खालच्या ओळीत लगेच दुसरी घटना असायची, कुणाचा तरी जन्म किंवा कसला तरी शोध. खाणीत पुढे काय झालं, हे चौकटीनं कधी विचारलंच नव्हतं.

“पाहून सांगतो,” ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर गीतांजली स्वयंपाकघरात शिरली आणि बशा धुताना बशांपेक्षा जास्त आवाज केला. “तीन तारखा होत्या, बाबा. तिन्ही तुम्ही मोडल्यात. बसल्या बसल्या.”

“मी फक्त जे घडलं ते...”

“जे घडलं ते! मला हॉलंडला जायचंय. तुमच्या खाणीत नाही.” तिनं नळ बंद केला. “आता शोधा. एक तारीख. तुमचंच काम आहे.”

मधुकरराव कामाला लागले. तीन मार्च, पॅरिसजवळ विमान कोसळलं. सहा मार्च, बेल्जियमच्या बंदराबाहेर फेरीबोट उलटली. अकरा मार्च, जपानची त्सुनामी. ही तर करावेत उच्चारण्याचीही सोय नव्हती. सत्तावीस मार्च, धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर. मोठा आकडा नसेल त्या तारखेला लहान आकडा होता, माणूस नसेल तिथे घोडे होते. ज्या शिस्तीनं त्यांनी सत्तावीस वर्षं सगळ्यात वाईट गोष्ट शोधून वर ठेवली, त्याच शिस्तीनं ते आता एक निर्मळ दिवस शोधत होते, आणि तो सापडत नव्हता.

या धांदलीत फळ्याचा डावा भाग दोन दिवस कोरा राहिला. रावसाहेब घाबरून वर आले.

“तब्येत बरी ना? लोक विचारतायत.”

“तारीख शोधतोय. जिथे कोणी मेलेलं नाही अशी.”

“ती सापडली तर,” रावसाहेब म्हणाले, “आधी माझ्या नातीच्या लग्नाला द्या. आम्ही दोन वर्षं थांबलोय.”

तिसऱ्या दिवशी गीतांजलीचा राग ओसरला. ती ऑफिसातून आली तेव्हा मधुकरराव टेबलावर कात्रणं पसरून बसले होते. ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि मोबाइल काढला.

“बाबा, आजींनी विचारलेलं पाहिलंत का? वर कोणी आलं का?”

“तारीख आधी. ते नंतर.”

“मी पाहिलं. आले.”

“कोण?”

“तेरा जण. वीस दिवसांनी. वरच्यांनी आशा सोडली होती, आणि हे अंधारात चालत चालत वाट काढून आले. जिवंत. तीस मार्चला.”

मधुकररावांनी चष्मा काढला. “तीस मार्च. रशियानं अलास्का अमेरिकेला विकला, अठराशे सदुसष्ट. पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर लावण्याचं पेटंट, अठराशे अठ्ठावन्न.” दरवर्षी तीस मार्चला त्यांनी हेच लिहिलं होतं. तेरा माणसांचा आकडा वरच्या ओळीसाठी फार लहान होता, आणि ती मेलीही नव्हती. त्यांच्या चौकटीत त्यांना जागाच नव्हती.

“जाऊया का आजींकडे?” गीतांजलीनं विचारलं. “आत्ता?”

“तू कुठे वाचलंस?”

“मोबाइलवर.”

“म्हणजे एक ठिकाण झालं.”

“बाबा!”

“दुसरं उद्या मिळेल. वाशीच्या वाचनालयात.”

वाचनालयात त्यांना एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं, खाणींच्या इतिहासाचं. त्यात कूर्येरला पाच पानं होती. मधुकरराव ती उभ्यानंच वाचू लागले, मग खुर्ची ओढून बसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. परत निघेपर्यंत दुपार झाली होती. ते घरी गेलेच नाहीत. गीतांजलीला फोन करून ते थेट करावेला पोचले.

गंगूआजी ओट्यावर बसून कोळंबी सोलत होत्या. शेजारी धर्माआजोबा मोबाइलवर क्रिकेट बघत होते, आवाज पूर्ण मोठा. मधुकरराव टेकतात तोवर गीतांजली रिक्षातून उतरली.

“मिलाली तारीख?” आजींनी विचारलं.

“आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर,” मधुकरराव म्हणाले. “तेरा जण वर आले.”

आजींचा हात थांबला. “त्याच दिवशी?”

“वीस दिवसांनी.”

“वीस दिस! जमिनीचे पोटान? खाल्लं काय तेंनी?”

ते पुस्तकात होतं. मधुकररावांनी सांगितलं: मेलेल्या सोबत्यांनी आणलेली शिदोरी आधी पुरवली, नंतर खाणीत गाड्या ओढणारा एक घोडा मारावा लागला. “दिवा?” आजींनी विचारलं. दिवा नव्हता. अंधारात हाताला भिंत लागेल तसं चालायचं. “मंग वाट कशी गावली?” कुठून ताजी हवा येतेय, त्या अंदाजानं. “आनि घरची? घरच्यांनी काय केलं?” वर अंत्यसंस्कारही उरकले होते. आजी एकेक गोष्ट विचारत गेल्या आणि मधुकरराव सांगत गेले. आयुष्यात प्रथमच त्यांनी एका घटनेवर दोनपेक्षा जास्त ओळी खर्च केल्या. गीतांजली बापाकडे नवीन माणूस बघावा तशी बघत होती.

“अंत्यसंस्कार उरकले,” आजी म्हणाल्या. मग हातातली कोळंबी टोपात टाकून त्यांनी कोपरानं नवऱ्याला ढोसलं. “ऐकलं का? तुमच्यासारकीच तेरा.”

“काय?” धर्माआजोबांनी क्रिकेटवरून मान वर केली.

“हे मेलेले होते,” आजींनी मधुकररावांना सांगितलं. “कान्हा पाच वर्साचा होता. मशीन बंद पडलं, होडी भायेर वाहात गेली. तीन दिस पत्ता नाय. बाया माजे घरान आल्या, चुडा काढ बोलल्या. मी बोललंय, माजा चुडा हाय, मी काढीन तवा काढीन. चौथे दिवशी दुसऱ्याचे होडीतून हे उतरले. आनि मना पयलं काय विचारलं म्हाईत? जेवान काय केलंय.”

“भूक लागल्ती,” धर्माआजोबा म्हणाले आणि परत मॅचकडे वळले.

“कोणत्या तारखेला हे?” मधुकररावांनी विचारलं. त्यांना राहवलं नाही.

“तारीख कोनाला म्हाईत? मानूस आला ते म्हाईत.” आजींनी हात पाण्यात बुडवून पदराला पुसले. “ती तेरा मान्सं वर आली, ती तारीख कंची?”

“तीस मार्च.”

“तीच धरा.”

गीतांजलीनं श्वास सोडला, पण मधुकरराव अजून संपले नव्हते. “आजी, एक सांगायला हवं. तीस मार्चलाही कुठे ना कुठे माणसं मेली असणार. मी शोधलं. तसा दिवस वर्षात एकही नाही.”

“बाबा, बास ना,” गीतांजली पुटपुटली.

“मरतीन,” आजी शांतपणे म्हणाल्या. “आमचे गावान पन मेली असतीन. पन वर येनारी रोज गावत नाय. दुसरं काय जालं त्या दिवशी?”

“रशियानं अलास्का विकला.”

“कोनाला?”

“अमेरिकेला.”

“आपल्याला काय त्याचं? कान्हा! भटाला फोन लाव.”

कान्हा आतून आले आणि भटजींना स्पीकरवर घेतलं. भटजी म्हणाले, तीस मार्चला पंचांगात मुहूर्त नाही. आजींनी मोबाइल आपल्याकडे ओढला.

“ती तेरा मान्सं वर आली तवा काय पंचांग बघून आली?”

“कोण तेरा?” भटजी गोंधळले.

“ते लांबडं हाय. पेपरवाले सांगतीन. तुमी सांजचा बघा काय ते.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. गोरज मुहूर्तावर लावता येईल, असं भटजी अखेर म्हणाले. मुहूर्त छापलेला नसल्यामुळे त्या दिवशी गावचा हॉलही मोकळा निघाला. हॉलवाल्यानं कान्हांना दोनदा विचारलं, तारीख नक्की ना, त्या दिवशी कोणीच लग्न करत नाही म्हणून.

त्यानंतरचे दोन महिने खरेदीत गेले. दहा मार्चला मधुकररावांनी फळ्यावर कूर्येरची ओळ नेहमीप्रमाणे लिहिली, आकड्यासकट. खाली कंसात एवढंच जोडलं: पुढील बातमी तीस मार्चला. सोसायटीतले तीन जण तीसपर्यंत वाट बघायला तयार नव्हते. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि बाकीच्यांना सांगून टाकलं. रावसाहेबांनी तर जिन्यातच अडवलं. “खानविलकर, घोडा खाल्ला म्हणे!” मधुकररावांना हे पसंत पडलं नाही, पण ते सुखावले.

तीस मार्चला सकाळी दहाला नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन तांडेलांच्या बायका वाजतगाजत सोसायटीत आल्या. पुढे गंगूआजी, हातात हळदीची वाटी, मागे बँडवाले. फाटकाशी आजींनी हात वर केला आणि बँड थांबला. मग त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

“तीस मार्च. एकोनीसशे सहा. फ्रान्समधील कूर्येर येथील कोलशाच्या खानीतून तेरा जन वीस दिवसांनी जिवंत भायेर आले.” त्यांनी दम घेतला. “आज: चिरंजीव अंकुर व चिरंजीव सौभाग्यकांक्षिनी गीतांजली यांचा विवाह, करावे, गोरज मुहूर्त. पानी सकाली सात ते साडेआठ.” त्या बाजूला उभ्या असलेल्या मधुकररावांकडे वळल्या. “आकडा लहान हाय तरी वर लिवलात?”

“आज नियम बदलला.”

“तेराच आले? आनखी कोनी नाय?”

मधुकरराव घुटमळले. फळ्यावर जागा नव्हती म्हणून त्यांनी ते लिहिलं नव्हतं. “एक आला. चौदावा. त्याला आणखी काही दिवस लागले. चार एप्रिलला सापडला तो.”

“चार?” आजींनी बोटांवर मोजलं. “आमचं पाचपरतावन चारला येतंय. पोरगी पाचवे दिवशी म्हायेरी येते ना, ते.”

“पाचवा दिवस म्हणजे तीन एप्रिल होतो, आजी.”

“आमचे घरान लग्नाचा दिस धरत नाय.” त्यांनी बँडवाल्यांना हात केला. “तुमचा चौदावा चार तारखेला घरी येनार. जेवान करून ठेवा. भुकेला असतो.”

बँड सुरू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

चार एप्रिलला मधुकरराव खडू घेऊन सहाला नाही, साडेनऊला खाली उतरले. फळ्याची डावी बाजू तोवर कोरी होती. आधी त्यांनी चौदाव्या माणसाची ओळ लिहिली. त्याखाली लिहिलं: आज: गीतांजली घरी येत आहे.

ही बातमी त्यांनी दोन ठिकाणी तपासून घेतली होती. एकदा अंकुरला फोन करून, आणि एकदा गंगूआजींना.